साडेबाराचे अठ्ठावन्न हात

मोतीराम: पुन्हा विचारतो. कपाळावर हे लाल काय आहे?

दीपमाला: ग्रीस आहे, सर.

मोतीराम: ग्रीस पांढरं होतं. सकाळी पावणेआठला माझ्या डोळ्यांदेखत फासलं. वहीत नोंद आहे. "दीपमाला, वय वीस, सर्वांगास पांढरे ग्रीस." लाल कुठेच नाही.

दीपमाला: सहा तास उन्हात होते. तापलं असेल.

मोतीराम: आणि तापून लाल कुठे झालं, तर फक्त कपाळाच्या मधोमध. रुपयाएवढं. गोल.

दीपमाला: कपाळ सगळ्यात वर असतं ना.

मोतीराम: पोहताना कपाळ पाण्यात असतं. वर पाठ असते. पाठ पांढरीच आहे.

दीपमाला: सर, मला आधी चादर नीट घेऊ द्या. दात वाजतायत. नोव्हेंबरचं धरणाचं पाणी आहे हे.

मोतीराम: घे. चहाही घे. पण कपाळ पुसू नकोस. पुसलंस तर पुरावा नष्ट केल्याचा रिमार्क मारीन.

दीपमाला: आठला उतरले, दोनला बाहेर आले. सलग सहा तास. तुम्ही होडीत होतात. मग सही करायला काय हरकत आहे? परवा मंगळवारी फॉर्म मुंबईला पोचला नाही, तर जानेवारीत समुद्रात धरमतर ते गेटवे दुसरं कोणीतरी पोहेल आणि मी इथे शेवंती तोडत बसेन.

मोतीराम: सही म्हणजे तिकिटाला भोक पाडणं नाही. म्हणजे तिकिटाचंही मी सोपं ठेवलं नव्हतं. एकतीस वर्षं टी.सी. होतो, मनमाड ते भुसावळ. अर्ध्या तिकिटावर बसलेला मिशीवाला माणूस पकडलाय. आई शेजारी बसून सांगत होती, बाळाची वाढ जरा लवकर झालीय.

दीपमाला: मला मिशी नाही, सर.

मोतीराम: जुळी बहीण आहे?

दीपमाला: नाही.

मोतीराम: विचारावं लागतं. एका चाचणीत दोघे जुळे होते. एक पोहत होता, दुसरा बेटामागे बसून जेवत होता, तिसऱ्या तासाला अदलाबदल. मी कसा पकडला माहीत आहे? पाण्यात तीन तास काढलेल्या माणसाच्या दाताला मेथीची भाजी होती.

दीपमाला: मी केळ्यांवर होते. बाबांनी लांब दांड्याच्या पेल्यातून पाणी पाजलं आणि केळं दिलं, दर तासाला. तुमच्यासमोर. अकराला पाजलं आणि मग ते शेवंती घेऊन फुलबाजारात गेले, कारण ती थांबत नाही. पुढचे पेले पुंजाकाकांनी धरले.

मोतीराम: पेला मान्य आहे. पेल्याला दांडा होता. आता नियम सहा ऐक. "चाचणीच्या काळात जलतरणपटूने होडीस, दुसऱ्या व्यक्तीस अथवा आधार देणाऱ्या वस्तूस स्पर्श केल्यास चाचणी बाद." कुंकू, म्हणजे मी कुंकू म्हणतो, तू ग्रीस म्हण, ते माणसाच्या कपाळावर आपोआप उगवत नाही. कोणीतरी लावतं. लावणारा म्हणजे दुसरी व्यक्ती.

दीपमाला: धरणाच्या मध्यावर कोण येणार कुंकू लावायला?

मोतीराम: तेच मी होडीवाल्या पुंजाला विचारलं. तो म्हणाला, होडी माझी आहे, कपाळ माझं नाही. आणि तंबाखू मळत बसला. माणूस पढवलेला आहे.

दीपमाला: पुंजाकाका कोणाशीच बोलत नाहीत. लग्नात नाव घ्यायला सांगितलं, तर खाली बसून लिहून दिलं म्हणतात.

मोतीराम: असेल. पण तू मध्यावर नव्हतीस. सहा तासांत तू काठाजवळून चार वेळा गेलीस, त्या बांधासमोरून. आणि त्याच बांधावर, बाभळीमागे, एक बाई उभी आहे. लुगडं कमरेपर्यंत ओलं. हातात बारा फुटी बांबू. मी बघितलं की ती बाभळीसारखी उभी राहते.

दीपमाला: कोणती बाई?

मोतीराम: दीपमाला.

दीपमाला: आत्या आहे ती. नवसाबाई. बाबांची थोरली बहीण. तो बांध तिचाच आहे.

मोतीराम: बोलाव.

दीपमाला: आत्या, ये इकडे. सरांनी बघितलंय तुला.

नवसाबाई: मला कशाला? मी म्हशीला पाण्यावर आणलं होतं.

मोतीराम: म्हशीला पाण्यावर आणायला बारा फुटी बांबू?

नवसाबाई: म्हैस लांब जाती कधी कधी. तुम्ही कोण म्हणायचे?

मोतीराम: मी निरीक्षक. लांब पल्ल्याच्या पोहण्याचा नाशिक जिल्ह्यातला एकमेव मान्यताप्राप्त निरीक्षक.

नवसाबाई: म्हंजे सकाळपासून आमच्या पोरीवर दुर्बीण लावून बसलेला बाबा तो तुम्हीच. माझा लय वेळचा डोळा हाय तुमच्यावर.

मोतीराम: माझ्यावर?

नवसाबाई: मंग. काळा कोट घालून होडीत कोण बसतं? मला वाटलं कोर्टाचा माणूस हाय, जप्ती आणलीय. म्हटलं पाण्यातलं काय जप्त करतो ते तरी बघू.

मोतीराम: बाई, सरळ विचारतो. आज पोहताना या मुलीला तुम्ही हात लावलात?

नवसाबाई: हात? नाय. हात लावायचा नाय, हे तिनं महिनाभर घराला शिकवलंय. तिचा तो पंचवटीतला कोच, त्यानं सांगितलं म्हणे, पाण्यात कोणी धरायला येणार नाय, आतापासून सवय लावा. मंग काय. महिनाभर पोरीला कोणी शिवलं नाय. आई चुलीपासनं भाकरी टाकायची, ही दारात झेलायची. भाऊबीजेला भावानं ओवाळणी दाराच्या कडीला अडकवली अन् लांब जाऊन उभा राहिला.

दीपमाला: थंड पाण्याची सवय म्हणून मी हौदात बसायचे. बाबा बर्फाची लादी फोडून टाकायचे, तीसुद्धा चिमट्याने.

मोतीराम: घरात न शिवण्याचा नियम नाही.

दीपमाला: हे नंतर कळलं, सर. तोवर सगळ्यांचा हात बसला होता.

मोतीराम: मग कुंकू कसं लागलं?

नवसाबाई: काठीनं.

दीपमाला: आत्या.

नवसाबाई: काय आत्या? खोटं बोलू नको, असं तुझाच बाप सांगतो. ही आंबे उतरायची काठी, साहेब. टोकाला शेवंतीचं फूल बांधलं, ओल्या कुंकवात बुडवलं अन् लांबनं लावलं. ती तिथं, मी इथं. मधी बारा फूट.

दीपमाला: मी तुला बोलू नको म्हणाले होते.

नवसाबाई: कुंकवाचं बोलू नको म्हणालीस. काठीचं आपलं काय ठरलं नव्हतं.

मोतीराम: थांबा, लिहू द्या. "बांबू एक. शेवंती एक." रंग?

नवसाबाई: पिवळी.

मोतीराम: "पिवळी." आणि हे कुंकू सकाळी घरून निघतानाच लावता आलं नसतं?

नवसाबाई: घरी लावून काय उपेग? साहेब, या पाण्याखाली आमचं जुनं गाव हाय. धरण झालं तवा माणसं वर आली, भांडी वर आली, एकानं तर दाराची चौकट उचलून आणली. देवीला कोण आणणार? ती खालीच राहिली, बरोबर माझ्या बांधासमोर. अन् ही तिच्या डोक्यावरनं पाय झाडत जाणार, तेबी मोकळ्या कपाळानं. आमच्यात चालत नाय. त्या जागेवरनं होडी नेली तरी माणूस पायातलं काढतो. लेकीबाळींनी कुंकू लावायचं, हात जोडायचे, मंग पुढं. ते तिथंच करावं लागतं.

मोतीराम: तरीच पुंजाने मध्येच चपला काढल्या. मला वाटलं त्याला उकडतंय.

नवसाबाई: पुंजा आमच्याच गावचा.

मोतीराम: ही चार वेळा गेली ना तिथून? मग चार वेळा कुंकू?

नवसाबाई: पहिल्या दोन टायमाला ही लांबनं गेली, काठी उचललीच नाय. चौथ्याला गरज नव्हती.

मोतीराम: मला पटत नाही. बारा फुटांवरून, हलत्या कपाळावर, इतकं मधोमध? तुम्ही पाण्यात गेलात, हातानेच लावलंत आणि आता बांबू पुढे करताय.

नवसाबाई: सराव केला की. हिचा महिनाभर चालला होता, माझा चार दिवस. म्हशीवर.

मोतीराम: कुठे आहे म्हैस?

नवसाबाई: ही काय.

मोतीराम: हिच्या कानात कुंकू आहे.

नवसाबाई: ते पहिल्या दिवसाचं. शिंगावरलं दुसऱ्या दिवसाचं. आता कपाळ बघा. एकच दिसतं का नाय? त्याच्याखाली अकरा हायत.

मोतीराम: म्हैस एका जागी उभी राहते.

नवसाबाई: माशा बसल्यावर उभी राहून दाखवा तुम्ही. हिच्यापरीस पोरीचं डोकं लय शांत.

मोतीराम: माझ्यावर करून दाखवा. मी इथे उभा राहतो आणि मान हलवतो, पोहल्यासारखी. तुम्ही तिथून.

दीपमाला: सर, चष्मा काढा.

मोतीराम: चष्मा काढला तर गैरप्रकार कसा दिसेल?

(बांबू पुढे येतो. म्हैस ओळखून बाजूला होते.)

मोतीराम: लागलं?

दीपमाला: मधोमध.

मोतीराम: मला फक्त गार वाटलं.

नवसाबाई: आता तोंड पाण्याकडं करा अन् हात जोडा.

मोतीराम: मी ड्यूटीवर आहे.

नवसाबाई: देवीबी हाय.

मोतीराम: जोडले. आता मुद्द्यावर येऊ. नियमात "आधार देणारी वस्तू" म्हटलंय. शेवंतीच्या एका फुलाचा माणसाला आधार होतो का?

दीपमाला: आमच्या घराला होतो. पोहताना नाही.

मोतीराम: पोहताना नाही. आणि दांड्याने पेला चालतो, तर काठीने फूल का चालू नये? ठीक आहे. रिमार्क लिहितो. "जलतरणपटूस धार्मिक कारणास्तव फूल लागले. आधार मिळाला नाही." वेळ? बाई, किती वाजले होते?

नवसाबाई: गिरणाऱ्याची एसटी गेली तवा.

मोतीराम: ती साडेबाराला जाते. मग नाही जमत. सापडलात तुम्ही.

नवसाबाई: आता काय सापडलं?

मोतीराम: साडेबाराला ही पोहत होती. दर अर्ध्या तासाला मी घड्याळ लावून एक मिनिट हिचे हात मोजतो. वही बघा. बारा वाजता साठ. साडेबाराला अठ्ठावन्न. एकला सत्तावन्न. मिनिटाला अठ्ठावन्न हात मारणाऱ्या मुलीच्या कपाळावर इतकं गोल कुंकू लागत नाही. ते फराटलं असतं. म्हणजे वेळ खोटी, म्हणजे गोष्ट खोटी.

दीपमाला: साडेबाराला मी उभी होते, सर.

मोतीराम: कशावर?

दीपमाला: कशावरच नाही. पाण्यात, नुसते पाय मारत, जागच्या जागी. दोन-तीन मिनिटं. आत्याचा नेम बसेना म्हणून थांबले. नंतर हात जोडले.

मोतीराम: दोन्ही?

दीपमाला: एकच कसा जोडणार?

मोतीराम: मग एसटी उशिरा आली असेल.

नवसाबाई: ती एसटी लवकर येती, उशिरा येत नाय. माणसं तिच्यामागं पळतात.

दीपमाला: सर, एक विचारू? पुंजाकाकांच्या पायातल्या चपला तुम्हाला दिसल्या. समोरून आलेला बारा फुटी बांबू दिसला नाही. तुम्ही तेव्हा बघत कुठे होतात?

मोतीराम: प्रश्न मी विचारतो.

नवसाबाई: मी सांगते. हा बाबा होडीच्या पलीकडच्या अंगाला वाकला होता. पाण्याला नाक लागलेलं. वाकायचा, मंग मान खाली घालून होडीत बसायचा, परत वाकायचा. मला वाटलं मासे मोजतोय. पुंजानं पाठ चोळली तवा कळलं, ओकतोय.

मोतीराम: किती वेळ बघितलंत तुम्ही हे?

नवसाबाई: कांद्याचा एक वाफा खुरपून व्हईल इतका.

मोतीराम: रेल्वेत एकदाही झालं नव्हतं. गाडी एका दिशेला जाते. होडी उभी असते तरी सगळ्या दिशांना जाते.

दीपमाला: मग अठ्ठावन्न कुठून आले?

मोतीराम: आधीच भरले होते. बारानंतर पोटात ढवळायला लागलं. म्हटलं, साडेबाराला लिहिणं जमेल न जमेल. बारा वाजता साठ होते, माणूस थोडा दमतो, म्हणून अठ्ठावन्न. टी.सी.ची सवय आहे ती. गाडीला गर्दी असली की पुढच्या स्टेशनचा तक्ता आधी भरायचा, माणसं मागाहून बघायची. एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

दीपमाला: मागाहून बघत होतात?

मोतीराम: गर्दी असायची गं.

दीपमाला: मग चुकला का नाही, ते कोणाला कळणार?

मोतीराम: हे बघा. तुमचं एक फूल, माझा एक रकाना. फूल मी लिहीत नाही, माझं पोट तुम्ही काढू नका. अठ्ठावन्न तसेच राहू देत. मी आत्ता सही करतो, संध्याकाळी फॉर्म पाठवून द्या.

नवसाबाई: करा, करा सही. पोरगी पोहली हायच की. मी काठाकाठानं सहा तास चालले तिच्याबरोबर, नजर काढली नाय. बाभळीला लुगडं फाटलं तरी तिकडं बघितलं नाय.

मोतीराम: बघ. बघणारं माणूस होतं. म्हणजे तसं खोटं काही नाही. पेन कुठे गेलं माझं?

दीपमाला: सर, जानेवारीत समुद्रात होडीत कोण असणार?

मोतीराम: नाशिकच्या मुलांबरोबर मीच जातो. दुसरा कोणी नाही जिल्ह्यात.

दीपमाला: तिथे काठ नसतो.

मोतीराम: समुद्रात मध्येच कुठून येणार काठ?

दीपमाला: मग आत्या कशावरून चालणार?

नवसाबाई: मी काढीन काहीतरी वाट.

दीपमाला: आत्या, थांब जरा. सर, आज साडेबाराला मी उभी होते. समजा, नसते. समजा पायात गोळा आला आणि मी खाली गेले. तुम्ही पलीकडे वाकलेले. वहीत किती हात असते?

मोतीराम: असं अभद्र बोलू नये.

दीपमाला: किती असते?

मोतीराम: चहा गार होतोय तुझा.

दीपमाला: सर.

मोतीराम: अठ्ठावन्न.

नवसाबाई: ते पेन खाली ठेवा.

मोतीराम: ठेवलं.

दीपमाला: साडेबाराच्या रकान्यावर काट मारा.

मोतीराम: काट मारली तर चाचणी अपुरी. प्रमाणपत्र नाही. सहा तास पुन्हा पहिल्यापासून. आणि मधे फक्त उद्याचा सोमवार आहे.

दीपमाला: उद्या दोनला बाहेर येईन. बाबा फॉर्म घेऊन रात्रीतून स्वतः जातील मुंबईला.

नवसाबाई: हात वर कर गं आधी. बघू.

दीपमाला: हा बघ.

नवसाबाई: हा काय वर हाय? खांद्याशीच अडकला. साहेब, पुढल्या साली नाय का चालणार?

मोतीराम: चालेल. पुढल्या सालीही समुद्र तिथेच असेल.

दीपमाला: मी नसेन. या महिन्यात दोन स्थळं बघायला आली होती. पोरीजवळ जायचं नाही, सराव चाललाय, असं सांगून बाबांनी त्यांना ओट्यावरूनच चहा देऊन परत पाठवलं. दर वर्षी नाही पाठवता येत, सर. तुम्ही काट मारा.

मोतीराम: मारली. आणि शेजारी लिहिलं, "या वेळी निरीक्षकाने पाहिले नाही." हे वाक्य कधी लिहिलं नव्हतं. लिहायला फार वेळ लागत नाही.

दीपमाला: उद्या आठला उतरते मग.

मोतीराम: आठला. मी पोटात काही न टाकता येतो. पण उपाशीपोटीही होतंच म्हणतात. म्हणून, बाई, उद्या तुम्ही काठाने चालायचं नाही.

नवसाबाई: का? आता काय केलं मी?

मोतीराम: तुम्ही होडीत बसायचं, माझ्या समोर. माझी मान खाली गेली की तुम्ही हिच्याकडे बघायचं आणि हात मोठ्याने मोजायचे. जे ऐकू येईल तेच लिहीन, आणि कोणी मोजलं तेही.

नवसाबाई: होडीत? अन् सहा तास? नको बाबा. मला पोहता येत नाय.

मोतीराम: मला तरी कुठे येतं.